पसारा सगळ्यांचा, आवरायचा कोणी?

कुंभवलीच्या भाड्याच्या खोल्यांत चूल, अंथरूण आणि मुलांचा खेळ सगळे एकाच जागेत. तारापूर वसाहतीतल्या कारखान्यातून पाळी संपवून आलेली बाई आधी वाकते ती खेळणी आणि कपडे उचलायला. याला आपण कामसुद्धा म्हणत नाही, 'आवराआवर' म्हणतो. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देत होत्या, घरकाम करणारे पुरुष ८८.

आपल्याच भागात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. महागडी साधने नव्हती. शिंपले, खडे, बिया होत्या. त्यामागची माँटेसरींची शिस्त साधी आहे: वस्तू मुलाच्या हाताला येईल अशी ठेवायची आणि खेळ संपला की मुलानेच ती जागेवर ठेवायची.

घरी त्यासाठी कपाट लागत नाही. खेळण्यांना एक खोका आणि कपड्यांना मुलाचा हात पोचेल अशी खुंटी पुरते. अडते ते दुसरीकडेच. पसारा दिसला की हाक मुलीला जाते. मुलगा खेळत राहतो, बाप टीव्ही बघतो. खोका आणला आणि ही हाक तशीच राहिली, तर मुलगी फक्त लवकर बाई होते.

मैत्रिणींनो, समान वेतनाइतकाच हाही आपला प्रश्न आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगू या: काल आपल्या घरात खेळणी कोणी उचलली?