न पाहिलेल्या कलाकृतीचा निकाल

देहूहून निघालेली इंद्रायणी आळंदीला पोचण्यापूर्वी चिखलीच्या शिवेला लागते. आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत, कारखाने आणि कामगार वसाहतींच्या दाटीत सामावलेले हे गाव अजूनही ‘टाळगाव चिखली’ म्हणून ओळखले जाते. तुकारामांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी मल्हारपंत कुलकर्णी इथलेच, असे वारकरी परंपरा सांगते. याच नदीत, थोडे वरच्या अंगाला, तुकारामांच्या वह्या बुडवल्या गेल्या. त्या तरल्या की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी आक्षेपाचा तर्क विचारात घेण्याजोगा उरतोच. परंपरेने रामेश्वरभटांच्या तोंडी घातलेली हरकत अभंगांच्या रचनेला नाही, प्रतिमांना नाही, भावाच्या उत्कटतेलाही नाही. वेदार्थ प्राकृतात सांगणारा माणूस शूद्र आहे, एवढीच ती हरकत आहे. वाचन होण्याआधीच निकाल लागलेला आहे.

हा निकाल देण्याची रीत जुनी. यंत्र मात्र नवे आहे. स्त्री केंद्रस्थानी असलेला ‘कॅप्टन मार्व्हल’ २०१९ मध्ये चित्रपटगृहात येण्याआधीच त्याच्याविरुद्ध प्रतिकूल मतांचा असा मारा झाला, की त्या सुमारास ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळाने प्रदर्शनपूर्व अभिप्रायांची सोयच बंद केली. २०२३ मध्ये ‘द लिटल मर्मेड’ची जलपरी कृष्णवर्णीय हॅली बेली झाली, तेव्हा मतदान असाधारण असल्याची सूचना जोडून ‘आयएमडीबी’ला गुणांकनाची पद्धत बदलावी लागली. दूरदेशीची ही उदाहरणे वाचून मराठी वाचकाने सुखावण्याचे कारण नाही. अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीरावांच्या जयंतीला, प्रदर्शित व्हायचा होता. झलक पाहून काही ब्राह्मण संघटनांनी हरकती घेतल्या आणि तो २५ एप्रिलवर गेला. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणारी मुले झलकेत दिसतात, हा आक्षेपातला एक मुद्दा होता. फेकणाऱ्यांची बदनामी होते म्हणून फेकल्याचे दाखवू नये, असा हा न्याय.

अशा रोषाला ‘प्रेक्षकांचा कौल’ म्हणण्याची चाल पडली आहे. वाचक-केंद्री समीक्षेची चार सूत्रे हाती असलेले अभ्यासकही, अर्थ जर वाचकच घडवतो तर चाहत्यांचा राग हेही एक वाचनच नव्हे काय, असे विचारू लागले आहेत. हा युक्तिवाद वरवर उदार, वस्तुतः आळशी आहे. याऊस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते कलाकृतीशी गाठ पडल्यावर हलते, ताणले जाते, क्वचित मोडते. इथे गाठच पडू द्यायची नाही, असा निश्चय आहे. न पाहता दिलेला एक तारा हे ग्रहण नव्हे, ग्रहणाला केलेली बंदी आहे.

परंतु मराठी समीक्षेला या रोषाकडे तिऱ्हाईतासारखे पाहता येणार नाही. चाहत्यांची परिभाषा तपासावी. ‘आमचा विरोध कोणत्याही समाजाला नाही, पात्र लादलेले आहे, कथेची ती गरज नव्हती, कलेत प्रचार नको.’ ही वाक्ये कोठून आली? बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये आला, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत दलित साहित्यावर ‘प्रचारकी’, ‘आक्रस्ताळे’, ‘एकसुरी’, ‘कलाबाह्य’ हे शिक्के मारले गेले, ते जमावाने नव्हे. विद्यापीठांतून, चर्चासत्रांतून, साक्षेपी म्हणवणाऱ्या नियतकालिकांतून. शरणकुमार लिंबाळे यांना १९९६ मध्ये ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहावे लागले, ते या शिक्क्यांना उत्तर म्हणून. कलेच्या स्वायत्ततेचा सिद्धान्त मर्ढेकरांनी ज्या तात्त्विक कसोशीने मांडला, तिचे ओझे या शिक्केमारांपैकी फारच थोड्यांनी उचलले. सोयीचा होता तेवढा शब्द उचलला. तोच शब्द आज झिजून एका ताऱ्याएवढा झाला आहे.

‘कलाबाह्य’ या आक्षेपाखाली खरे काय दडलेले असते, हे ‘सैराट’च्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला आणि तोवर मराठी चित्रपटाला अपरिचित असलेले व्यावसायिक यश त्याने मिळवले. त्याच वर्षी जुलैत कोपर्डीचे भीषण कृत्य घडले. पुढच्या तापलेल्या वातावरणात ‘सैराट’वरही बोट ठेवले गेले. मुलगी पाटलाचीच का दाखवली, असा तो प्रश्न होता. आता मराठी पडद्याने जातीची रेषा ओलांडण्याची कथा पूर्वी सांगितलीच नव्हती काय? तमाशापटांनी ती दशकानुदशके सांगितली. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’पासून गावचा सत्ताधारी पुरुष आणि फडावरची स्त्री ही जोडी प्रेक्षकांना पाठ आहे. तिथे ओलांडणारा वरून खाली येत होता, तेव्हा ते मनोरंजन होते. आर्ची स्वतःच्या इच्छेने, बुलेटवर बसून, मासेमाराच्या घरातल्या परशाकडे आली, तेव्हा ते कारस्थान ठरले. पडद्यावर ‘विविधता’ नवी नाही. गडी, महारवाड्यातली म्हातारी, विनोदापुरता आलेला परप्रांतीय हे सारे होतेच. रोष उपस्थितीवर नसतो, बदललेल्या जागेवर असतो.

अर्थात ही कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावली पाहिजे. २०११ मध्ये ‘आरक्षण’ प्रदर्शित होण्याआधी दलित नेत्यांनी हरकती घेतल्या आणि उत्तर प्रदेश, पंजाब व आंध्र प्रदेशात त्यावर बंदी आली. न पाहिलेले ते न पाहिलेलेच. तिथे वेगळा न्याय मागता येत नाही. भेद आहे तो हरकतीच्या विषयात. स्वतःचे चित्रण विपरीत होईल ही भीती एक गोष्ट, दुसऱ्याने मध्यभागी येऊच नये ही मागणी वेगळी. पहिलीचे उत्तर कलाकृती देऊ शकते. दुसरीला कोणतीही कलाकृती पुरी पडणार नाही. शिवाय भांडवलदार निर्माता वंचितांचे चेहरे नफ्याचे गणित मांडून वापरतो, हेही खरे. त्यातून निकृष्ट चित्रपट निपजतात. त्यांना निकृष्ट म्हणण्याचा अधिकार पाहणाऱ्याचा आहे, आणि तो त्याने जरूर बजावावा.

पाहणारा कोण, हा प्रश्न मग टळत नाही. चिखली-तळवडे पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापुराकडून, उत्तरेतून आलेली माणसे पाळ्यांवर राबतात. ‘सैराट’मधली करमाळ्याकडची बोली यांतल्या अनेकांच्या घरातली आहे, पुण्याच्या प्रमाणभाषेला ती पडद्यावर आली तेव्हाच ‘अस्सल’ वाटू लागली. रात्रपाळी संपवून मोबाइलवर चित्रपट पाहणारा हा माणूस तारे देत बसत नाही. सरासरीच्या आकड्यात तो नाही, ‘रसिक’ या आपल्या संज्ञेतही नाही. ‘प्रेक्षकांचा कौल’ म्हणून जे मोजले जाते, ते मोजण्याच्या जागी पोचलेल्यांचेच मत असते.

‘फुले’त परिनिरीक्षण मंडळाने सुचवलेल्या बदलांत ‘महार’, ‘मांग’ हे शब्द गाळणे होते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिने त्याचा विषय मथळ्यातच सांगितला आहे: मांग-महारांचे दुःख.