चौकशीचा फोन

अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी पुण्याहून माझ्या चुलत नणंदेचा फोन आला. “वहिनी, माझ्या मैत्रिणीच्या मुलीला तुमच्या ओहायोतलं स्थळ सांगून आलंय. मुलगा तुमच्या मंडळात येतो म्हणे. कसा आहे हो?” मुलगा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. गणपतीत आरतीला पुढे, पंगतीत वाढायलाही पुढे. इथे त्याचं एक लग्न होऊन मोडलं होतं, तेही मला ठाऊक होतं. मी म्हणाले, “चांगला आहे. मनमिळाऊ आहे, कामाला वाघ आहे.” त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

ती मुलगी लग्न होऊन इथे आली आणि पाचव्या महिन्यात कपाटातल्या एका फाइलमध्ये तिला घटस्फोटाचे कागद सापडले. ती एच-४ व्हिसावर होती. म्हणजे तेव्हा तिला नोकरीची परवानगी नव्हती, स्वतःची मिळकत नव्हती, आणि या देशात राहण्याचा हक्कसुद्धा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. भांडायचं तरी कशाच्या जोरावर? त्या दोघांचं पुढे काय झालं ते सांगण्याचा मला अधिकार नाही. तिने मला विचारलेला प्रश्न मात्र सांगते. “काकू, तुम्हाला माहीत होतं ना?”

हे सगळं पुन्हा वर आलं ते आपल्या मंडळातल्या पालकांच्या चर्चेमुळे. विषय होता इंटरनेटवरची फसवणूक. बहुतेकांचा सूर असा, की पडद्यामागे कोण बसलंय कुणास ठाऊक, समोरासमोरची ओळख तीच खरी. मला ते पटलं नाही. तेव्हा गप्प बसले, म्हणून आता लिहिते आहे.

धोका खोटा नाही. प्रेमाचं नाटक करून पैसे उकळल्याच्या जवळजवळ ७०,००० तक्रारी एकट्या २०२२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आल्या आणि त्यांत बुडालेली रक्कम १३० कोटी डॉलर होती. त्यात आपली माणसंही असणार, आणि लाजेपायी तक्रारच न केलेलीही. मुलांना सावध करायलाच हवं. पण कशापासून? नाव लपवण्यापासून, की खोटेपणापासून? या दोन गोष्टी आपण एकच समजतो आणि तिथेच चुकतो.

नाव बदलणं आपल्याला नवं नाही. राम गणेश गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रज या नावाने लिहिल्या आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. शिरवाडकर कवितेत कुसुमाग्रज झाले. आपण फसवले गेलो असं कुठल्या वाचकाला वाटलं? माझ्या धाकट्या मुलाचा एक मित्र आहे, सहा वर्षं दोघं ऑनलाइन खेळतात. खेळातली टोपणनावं सोडली तर बराच काळ त्यांना एकमेकांची खरी नावं माहीत नव्हती. माझे सासरे गेले त्या रात्री मुलगा पहिल्यांदा त्या मित्राशी बोलला, आमच्याशी नंतर. त्या मैत्रीला खोटी म्हणायची माझी छाती नाही.

माझ्या मते कसोटी एकच. समोरचा माणूस तुमच्या शब्दावर विसंबून स्वतःच्या आयुष्याबद्दल काही ठरवणार आहे का? असेल, तर त्याला लागणारं सत्य दडवणं ही फसवणूक, मग तुम्ही पडद्यामागे असा नाहीतर पाटावर शेजारी बसलेले असा.

२०११ मध्ये सीरियात उठाव सुरू असताना दमास्कसमधली एक तरुणी, अमीना, इंटरनेटवर तिथल्या घडामोडी लिहीत होती. जूनमध्ये तिला हत्यारबंद माणसांनी पळवून नेल्याची बातमी आली. जगभरातून तिच्या सुटकेसाठी हाका उठल्या. अमीना नव्हतीच. तिच्या नावाने लिहिणारा टॉम मॅकमास्टर हा ४० वर्षांचा अमेरिकन पुरुष होता आणि एडिंबरात शिकत होता. लिहिणारा कल्पित असला तरी लिहिलेलं खरं आहे, असा त्याचा बचाव होता. त्याने नुसतं टोपणनाव घेतलं असतं तर हा बचाव मी ऐकून घेतला असता. पण कॅनडातली एक स्त्री अमीनावर जीव लावून बसली होती, लंडनमधल्या एका अनोळखी बाईचा फोटो तिच्या परवानगीविना वापरला गेला होता, आणि सीरियातले खरे कार्यकर्ते त्या न असलेल्या मुलीचा शोध घेताना स्वतःला धोक्यात घालत होते. या माणसांनी त्याच्या शब्दावर आपलं काहीतरी पणाला लावलं होतं.

दुसरीकडे, २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहा. टोमा, हॅनकॉक आणि एलिसन या संशोधकांनी न्यूयॉर्कमधल्या ८० जणांची खरी उंची, वजन आणि वय तपासून त्यांनी डेटिंगच्या संकेतस्थळांवर लिहिलेल्या माहितीशी ताडून पाहिलं. शंभरात ८१ जणांनी निदान एका बाबतीत तरी खोटं लिहिलं होतं. आकडा ऐकून आपण दचकतो. पण बहुतेक थापा किरकोळ होत्या, थोडी उंची चढवलेली, थोडं वजन उतरवलेलं. आज ना उद्या भेट होणार, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. म्हणजे धाक भेटीचा असतो, आणि भेटीत जे उघडं पडू शकतं तेवढ्याच बाबतीत तो चालतो.

मोडलेलं लग्न चेहऱ्यावर दिसत नाही. कर्ज दिसत नाही, दारू दिसत नाही, दुसऱ्या कुणाशी मांडलेला संसार दिसत नाही. तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या मुलाला चार वेळा भेटून यांतलं काहीच कळत नाही. पूर्वी गावात हे शेजारी सांगत, दुकानदार सांगे, शाळेतले गुरुजी सांगत. त्या चौकशीतही जातपात, द्वेष आणि चहाड्या भरपूर असत, ती व्यवस्था पवित्र होती असं मी म्हणत नाही. देवलांचं ‘शारदा’ नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातल्या भुजंगनाथाचं म्हातारपण साऱ्यांना दिसत होतं, तरी भद्रेश्वर दीक्षितासारखा मध्यस्थ कोवळ्या शारदेशी त्याचं लग्न जुळवायला निघालाच. दिसतं त्यावरही जिभेने पांघरूण घालता येतं.

परदेशात ते शेजारी आपण आहोत. पुण्याहून, सांगलीहून, नागपूरहून फोन येतो तो आपल्याला. भारताच्या विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी आणि वैवाहिक स्थिती पासपोर्टशी जोडावी, अशा शिफारशी केल्या आहेत. कायदा व्हावा, जरूर व्हावा. तरीही मुलीची आई आधी फोनच करणार.

मला कुणी म्हणेल, घटस्फोट ही त्या मुलाची खासगी गोष्ट होती, ती तुम्ही का सांगायची? पंगतीत बसलेल्या दोनशे माणसांना ती कळण्याची काहीच गरज नव्हती, हे मलाही मान्य आहे. घटस्फोट म्हणजे गुन्हा नाही, आणि आपण त्याला कलंक समजतो म्हणूनच मुलं तो लपवतात, हा दोषही आपलाच. पण जी मुलगी त्याच्या भरवशावर घर, नोकरी, देश सोडून येणार होती, तिच्यापासून लपवण्याइतकी ती गोष्ट खासगी नव्हती. आणि मी मधे पडले नाही, हेही खरं नाही. “चांगला आहे” म्हणाले त्या क्षणी मी मधे पडलेच होते, फक्त एका बाजूने.

गेल्या दिवाळीत पुन्हा असाच फोन आला, या वेळी कोल्हापूरहून, वेगळ्या मुलाबद्दल. त्याच्याविषयीही मला एक गोष्ट माहीत होती. मी म्हणाले, “दोन दिवस द्या, मग बोलते.” संध्याकाळी त्या मुलाला घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर सांगितलं, “तुझी चौकशी आली आहे. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही आणि गप्पही बसणार नाही. तू स्वतः सांगितलंस तर बरं.” तो बराच वेळ ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “काकू, त्यांचा नंबर द्या.” आमच्याच स्वयंपाकघरातून त्याने फोन लावला. मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले.