आडनावातले गाव

पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. ही आडनावे ऐकून आपल्यापैकी किती जणांना ज्यू कुटुंबे आठवतील? पण बेने इस्रायली समाजाची ही अस्सल कोकणी आडनावे आहेत. ज्या गावांवरून ती पडली, ती आम्हा रत्नागिरीकरांच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातली, म्हणजे जुन्या कुलाब्यातली.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे या समाजाची परंपरा सांगते. इकडे चिपळूणच्या परशुरामाने समुद्रातून वाहून आलेल्या चौदा देहांना जीवदान दिले, ही चित्पावनांची कथा. या कथा कितपत खऱ्या, ते संशोधकांनी ठरवावे. मला मात्र दोन्हींत एकच कबुली दिसते : कोकणात स्वतःला मूळचा म्हणवणाराही कधी तरी बाहेरूनच आला!

या लोकांनी तेलाचे घाणे चालवले, शेती केली, मराठी आपली मानली. फक्त शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावाने त्यांना सामावून घेतले ते जातीच्या उतरंडीतली एक पायरी देऊन, हे विसरता कामा नये. पण त्यांचा शनिवार त्यांच्यापाशी राहिला. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग बांधले. १८४८ मध्ये अलिबागला 'मागेन अबोथ' उभे राहिले. एलिया नबीच्या नावाने होणाऱ्या मलिद्यात पोहे, गूळ आणि ओले खोबरे आले. धर्म त्यांचा, चव कोकणची!

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका काढली; आंदोलन करून १९६४ मध्ये त्यांनी बरोबरीचा हक्क मिळवला. त्याच देशात त्यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही चालवले. महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो २०१६ मध्ये, अलिबागच्या इस्रायल आळीतली बहुतेक घरे रिकामी झाल्यावर.

हे सारे आज आठवण्याचे कारण आपल्या अंगणातच आहे. रत्नागिरीच्या आंबाबागा नेपाळी राखणदार सांभाळतात, आपल्या मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी जातात. हंगामापुरते ते 'आपले', आणि कुठे चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर! पेणकर-रोहेकरांनी आपल्या गावांची नावे साता समुद्रापार नेली, याचे आपण कौतुक करतो. मग उद्या बागेतल्या एखाद्या नेपाळी मुलाने स्वतःला पावसकर म्हणवून घेतले, तर कपाळाला आठी का पडावी? गावाचे नाव लावण्याचा हक्क सातबाऱ्यावरून ठरत नाही. गावात राबणाऱ्याला तो द्यावा, आणि तोही त्याची घरे रिकामी होण्याआधी.