विद्यापीठातील इमारती व विभागांच्या स्थानमाहितीबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू व मा. कुलसचिव यांस

विषय : इमारती, विभाग व कार्यालये यांची स्थानमाहिती सर्वांना खुली आणि शोधण्याजोगी करणेबाबत.

महोदय,

पात्रता प्रमाणपत्रासाठी पहाटेच्या एसटीने निघालेला तालुक्याचा विद्यार्थी मुख्य प्रवेशद्वारावर उतरतो, तेव्हा पात्रता विभागाचा पत्ता त्याला गेटवरचा सुरक्षा रक्षक सांगतो. रक्षक जुना असेल तर काम होते. रक्षकांचे कंत्राट बदलले की विद्यापीठाची ही एकमेव अद्ययावत निर्देशिकाही जाते. संकेतस्थळावर नकाशा आहे, पण तो स्कॅन केलेले चित्र. त्यात नाव टाकून शोधता येत नाही, मोबाइलवर अक्षरे लागत नाहीत, आणि दुरुस्तीसाठी रिकाम्या केलेल्या इमारतीत काही विभाग त्या नकाशावर अजूनही सुखाने नांदत आहेत.

यावर नवे ॲप काढू नये, ही आमची आग्रहाची विनंती. ॲपची निविदा निघते, उद्घाटन होते, देखभालीचा करार संपतो आणि आतली माहिती ठेकेदाराबरोबर निघून जाते. आम्हाला हवी आहे ती नकाशामागची माहिती. ती खुली असली तर ॲप, फलक, क्यूआर कोड ज्याला हवे तो करील. आपल्याच संगणकशास्त्र विभागातील मुले करतील.

आमची पहिली मागणी सर्वांत महत्त्वाची आहे : इमारत आणि विभाग यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. इमारत जागची हलत नाही, विभाग हलतात. एका इमारतीत चार कार्यालये असतात, तर एकाच विभागाची प्रयोगशाळा एकीकडे आणि कार्यालय दुसरीकडे असते. म्हणून प्रत्येक इमारतीला आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र, कायमचा क्रमांक द्यावा. कोणता विभाग कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर, कोणत्या तारखेपासून आहे, ही तिसरी नोंद ठेवावी. ऑक्सफर्ड विद्यापीठाने 'ऑक्सपॉइंट्स' याच विचाराने उभारले. तिथे जागा, संस्था आणि त्यांचे परस्परसंबंध नोंदवून ते संगणकाला वाचता येतील अशा रूपात खुले केले गेले. इंग्लंडमधल्याच साउदॅम्प्टन विद्यापीठानेही आपल्या इमारतींची माहिती अशीच खुली केली.

दुसरी मागणी दाराची. इमारतीच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश दिले की फोन माणसाला मागच्या भिंतीशी नेऊन उभा करतो. वापरात असलेल्या प्रत्येक प्रवेशद्वाराचा बिंदू पाच दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे साधारण एक मीटरपर्यंत, नोंदवावा. कोणत्या दाराला रॅम्प आहे, लिफ्ट कुठवर जाते, स्वच्छतागृह कुठे आहे, हे त्याच नोंदीत हवे. शैक्षणिक संस्थांच्या इमारती व परिसर दिव्यांगांना वापरता येतील असे ठेवणे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने बंधनकारक आहे. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्याला रॅम्प कुठे आहे हेच कळत नसेल, तर तो बांधून काय उपयोग? (बिंदू भरताना क्रम तपासावा. पुण्याचे 18.5 आणि 73.8 हे आकडे उलटे पडले, तर इमारत नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते.)

तिसरी, नावांची. विद्यार्थी 'परीक्षा विभाग' असे शोधतो, कागदावर 'परीक्षा व मूल्यमापन मंडळ' असते. मराठी, इंग्रजी, जुनी आणि बोलीतली, सगळी नावे एकाच क्रमांकाखाली नोंदवावीत.

चौथी, ही माहिती सीएसव्ही आणि जिओजेसन स्वरूपात उतरवून घेता यावी आणि एपीआयद्वारे लॉगिनशिवाय विचारता यावी. 'दुपारी दोनला उघडी असलेली, तळमजल्यावरची कार्यालये' असे विचारले की उत्तर यावे. केंद्र सरकारच्या 2017 च्या खुल्या डेटा परवान्याच्या धर्तीवर ती वापरण्याची, बदलण्याची व पुन्हा प्रसिद्ध करण्याची स्पष्ट मुभा असावी.

सुरक्षेचा मुद्दा निघेल, तो आम्हालाही मान्य आहे. प्रश्नपत्रिका ठेवण्याच्या खोल्या, रसायनांची कोठारे, वसतिगृहांचे अंतर्गत आराखडे यात येऊ नयेत. व्यक्तींची नावेही नकोत, पदनाम पुरे. पण परीक्षा भवनाचे दार हे गुपित नव्हे. केंद्राने 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना भूस्थानिक माहिती तयार करून प्रसिद्ध करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगीची अट काढली आहे. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार आपली रचना, कार्ये आणि नागरिकांसाठीच्या सुविधा संस्थेने कुणी न मागता प्रसिद्ध करायच्या असतात.

खर्चाचे कारण तर टिकणारच नाही. इमारतींची नोंदवही मालमत्ता विभागाकडे असते, अंतर्गत दूरध्वनींची यादी प्रशासनाकडे. उरलेले बिंदू भूगोल विभागाचे विद्यार्थी आणि एनएसएसचे स्वयंसेवक मोबाइलवर गोळा करू शकतात. त्या कामाला आमची संघटना माणसे देईल. खरी अडचण माहिती ताजी ठेवण्याची आहे. त्यासाठी एकच नियम करावा : विभाग हलवण्याच्या कार्यालयीन आदेशावर स्थाननोंद बदलल्याचा शेरा असल्याशिवाय तो आदेश निर्गमित होऊ नये. हे काम एका नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे असावे आणि चूक कळवणाऱ्याला सात दिवसांत उत्तर मिळावे.

व्यवस्थापन परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि सुरुवातीला निदान परीक्षा, पात्रता, शिष्यवृत्ती व पदवी प्रमाणपत्रांची कार्यालये पुढील प्रवेशप्रक्रियेपूर्वी खुल्या नोंदीत आणावीत, अशी विनंती आहे. चर्चेसाठी आम्ही नमुना तक्त्यासह हजर राहू.

आपले विश्वासू,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद