चंद्र चपटा का झाला?

गेल्या कोजागरीला आमच्या भित्तिपत्रकावरचा चंद्र चपटा निघाला. सरांनी चष्मा वर सारून तो न्याहाळला आणि म्हणाले, ‘काय रे, चंद्र लाटताना हात एकाच बाजूला जड पडला वाटतं!’ सारे हसले. मीही हसलो, पण मनातून खजील झालो. कारण तो चंद्र मी नुसत्या हाताने काढलाच नव्हता. चित्रे काढायच्या टॅब्लेटवर स्टीलची वाटी पालथी घालून तिच्या कडेने पेन फिरवले होते. वाटी गोल आणि चंद्र लंबगोल! दोष कोणाचा?

मित्रमंडळींनी निवाडा देऊन टाकला: ‘तुझ्या त्या फुकटच्या लिनक्सचा!’ हा निवाडा मला मान्य नाही, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

माझा टॅब्लेट वॅकॉमचा, जुना विकत घेतलेला. त्याची रेघ ओढायची जागा १५२ मिलिमीटर रुंद आणि ९५ मिलिमीटर उंच, म्हणजे १६ ला १०. संगणकाचा पडदा मात्र १६ ला ९. आता संगणक काय करतो, तर टॅब्लेटचा सबंध आयत पडद्याच्या सबंध आयतावर ताणून बसवतो. उभ्या दिशेला दहावा हिस्सा दबतो आणि वाटीचे अंडे होते. दोन पडदे शेजारी शेजारी जोडले, तर चंद्राची काकडीच व्हायची! विंडोजवरही हे चुकत नाही. तिथेही प्रमाण राखण्याची खूण स्वतःच करावी लागते. उपाय साधा आहे. टॅब्लेटची खालची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी सोडून द्यायची. उरलेली साडेपंच्याऐंशी मिलिमीटर उंची पडद्याशी बरोबर जुळते. ग्नोमच्या सेटिंगमध्ये यासाठी एक बटण आहे. ते दाबले की संपले.

संपले म्हणतो खरा, पण ते बटण सापडेपर्यंत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लिनक्सचे काही भक्त ‘अगदी सोपे आहे हो’ म्हणून सांगत फिरतात, त्यांचा मला विंडोजवाल्यांहून अधिक राग येतो. त्यांनी मला एक्ससेटवॅकॉम नावाची आज्ञा टर्मिनलमध्ये लिहायला सांगितली. ती एक्स-११ या जुन्या व्यवस्थेतली. माझ्या संगणकावर वेलँड ही नवी व्यवस्था, आणि तिथे ती आज्ञा चालतच नाही. जिथे चालते तिथेही संगणक बंद करून पुन्हा लावला की सारे विसरून जाते. आरंभीच्या आज्ञांच्या यादीत ती घालून ठेवावी लागते. हे कोणी आधी सांगेल तर शपथ!

तरीही माझा आग्रह कायम आहे, आणि तो आपल्या महाविद्यालयासंबंधी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला चालत नाहीत म्हणून आपल्या संगणक कक्षातले चार संगणक तेव्हापासून कापडाखाली झाकून ठेवले आहेत. त्यांवर लिनक्स चालेल. वॅकॉमचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो, तो वेगळा आणावा लागत नाही. चित्रांसाठी क्रिटा आहे (या स्वीडिश शब्दाचा अर्थ खडू). तिला दाम पडत नाही. डेव्हिड रेव्हॉय हा फ्रेंच चित्रकार ‘पेपर अँड कॅरट’ ही आपली चित्रकथा २०१४ पासून लिनक्सवर क्रिटा वापरूनच काढतो आहे. तेव्हा ‘त्यावर खरे काम होत नाही’ हे म्हणणे आता सोडावे.

सरांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. ‘बाहेर नोकरीत फोटोशॉप विचारतात, त्याचे काय?’ खरे आहे; फोटोशॉप लिनक्ससाठी निघतच नाही. पण ज्या मुलीने अजून पेनच हातात धरले नाही, तिला पहिल्या वर्षी फोटोशॉपची वर्गणी कशाला? तिला आधी आपला हात ओळखू द्या. माझ्या एका वर्गमैत्रिणीचा हात इतका हलका की तिची रेघ पडद्यावर उमटेचना. क्रिटात पेनाच्या दाबाची एक वक्ररेषा असते. तिचा मधला भाग आम्ही थोडा वर उचलला. मग तिने एक गवताचे पाते काढले: बुडाशी जाड, शेंड्याला केसासारखे बारीक. पुढचा तासभर तिने टॅब्लेट मला परत दिला नाही! ही रेषा ज्याची त्यानेच जुळवायची असते. दुसऱ्याच्या चपलेसारखी ती चावते.

माझे मागणे मोठे नाही. त्या चारांपैकी दोन संगणक उघडावेत, एक जुना टॅब्लेट घ्यावा, आणि टेबलावर एक चिठ्ठी डकवावी: प्रमाणाचे बटण कुठे आहे, दाबाची रेषा कुठे आहे, आणि बिघडले तर कोणाला हाक मारायची. चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. कक्षाची किल्ली तेवढी हवी.