संगणकाचा तांडेल

महाड-पोलादपूरची पोरे पुण्याला संगणकाच्या नोकरीला लागतात आणि घरी सांगतात, 'आम्ही कंटेनर सांभाळतो.' आईला वाटते, पोरगा न्हावा-शेवा बंदरावर लागला! हा कंटेनर लोखंडी नव्हे. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सामान यांचे ते एक गाठोडे. अशी हजारो गाठोडी अनेक संगणकांवर वाटायची, एक बंद पडले की दुसरे उभे करायचे, हे काम 'कुबरनेटीस' करते. गूगलने २०१४ साली ते सर्वांना खुले केले. नाव ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकणात तांडेल म्हणा.

पण सुकाणूच चोराच्या हाती गेले तर? टेस्ला या मोटार कंपनीच्या कुबरनेटीसला पासवर्डच नव्हता, हे २०१८ साली उघड झाले. चोर आत शिरले आणि कंपनीच्या खर्चाने आभासी नाणी पाडत बसले! एवढी श्रीमंत कंपनी, आणि दाराला कडी नाही.

दाराला कुलूप लावूनही भागत नाही. आतली गाठोडी मुळात एकमेकांशी मोकळेपणी बोलतात. एकात चोर शिरला की शेजारीही धोक्यात. तेव्हा मध्ये भिंती घालाव्या लागतात, आणि प्रत्येकाला कामापुरतीच किल्ली द्यावी लागते. आमच्या मुलामुलींना हे घरीही शिकता येईल. 'मिनिक्यूब' फुकट मिळते, त्याला दोन जीबी मोकळी मेमरी पुरते.