भिंत कुणाच्या बापाची?

खेळात जात नसते, रंग नसतो, मैदानावर सगळे सारखे, असं बोलणारा भेटला की त्याला एवढंच विचारायचं: मैदानाची किल्ली कुणाच्या कंबरेला आहे? मग तो गुणवत्तेवर घसरतो. गुणवत्ता असली की माणूस वर येतोच, म्हणतो. ठीक. त्याला आल्थिया गिब्सनची गोष्ट सांगा. पण सगळी सांगा. कारण हे लोक तिची गोष्ट विम्बल्डनच्या हिरवळीवर सुरू करतात आणि तिथंच गुंडाळतात.

१९२७ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात ती जन्मली. आईबाप दुसऱ्याच्या रानात वाट्यानं कापूस पिकवणारे. पीक बुडालं, बिऱ्हाड उचललं आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, काळ्यांच्या वस्तीत आले. १४३ नंबरचा रस्ता. उन्हाळ्यात तो गाड्यांना बंद करायचे आणि पोरं डांबरावरच खेळायची. तिथं पॅडल टेनिस चाले. तारा नसलेली लाकडी फळी, निम्मंशिम्मं कोर्ट. ज्याला टेनिस परवडत नाही त्याचं टेनिस. शाळा बुडवणारी, बापाच्या माराच्या भीतीनं रात्र रात्र भुयारी रेल्वेत बसून काढणारी ही पोरगी १९३९ साली, बाराव्या वर्षी, अख्ख्या न्यूयॉर्क शहराची पॅडल टेनिसची विजेती झाली. तोच बाप तिला बॉक्सिंग शिकवायचा. पोरीनं रस्त्यात मार खाऊन घरी यायचं नाही, हा त्याचा हिशोब.

बडी वॉकर नावाचा एक बँडवाला उन्हाळ्यात तिथं पोरं खेळवायच्या कामावर होता. त्यानं पाच-पाच डॉलरच्या दोन जुन्या रॅकेटी तिच्यासाठी घेतल्या. आणि कोर्ट? कोर्ट कुठलं! बागेतल्या हँडबॉलच्या भिंतीसमोर तिला उभी केली. मार. चेंडू परत येतो, परत मार. भिंत फी मागत नाही आणि रंगही विचारत नाही. (पुढं १९५० च्या सुमाराला कनेक्टिकटात जो सोबेक नावाच्या माणसानं हँडबॉलच्याच भिंतीत आखूड रॅकेट आणून नवा खेळ काढला. त्याला आज रॅकेटबॉल म्हणतात, त्याच्या स्पर्धा होतात, पुस्तकात त्याचं नाव आहे. आल्थिया त्याच्या दहा वर्षं आधी भिंतीशी खेळत होती. वस्तीतल्या पोरांच्या खेळाला शोध म्हणत नाहीत, उनाडक्या म्हणतात.)

मग १९४० साली वर्गणी झाली. हार्लेममध्ये काळ्यांचा कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लब होता, तिथल्या लोकांनी पैसे घालून तिला सभासद केलं. शिकवायला फ्रेड जॉन्सन. त्याला एकच हात होता. एका हाताच्या माणसानं तिला पाय कुठं टाकायचा, चेंडू कुठं ठेवायचा, हे डोक्यात भरवलं. क्लबातली बडी मंडळी मात्र तिला रीतभात शिकवायला बघायची. कसं बसायचं, कसं बोलायचं, कोर्टावर कसं गोड राहायचं. तिला ते झेपायचं नाही. चार पैसे गाठीला आले की वस्तीच्या पोरांना रीत शिकवायला निघणारी माणसं आपल्यातही आहेत, ती सगळीकडचीच.

पण १९४६ मध्ये तिला दोन डॉक्टर भेटले, आणि हे आपल्या शिकलेल्यांनी नीट वाचावं. ह्यूबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन. दोघे काळे. सरकारी कोर्टावर काळ्यांना बंदी, म्हणून त्यांनी आपापल्या परसात कोर्ट बांधलेलं. ते कोर्ट त्यांनी कुलपात ठेवलं नाही. ईटननं तिला विल्मिंग्टनला स्वतःच्या घरात लेकीसारखी ठेवली. दिवसा शाळा, शाळेनंतर सराव, उन्हाळ्यात लिंचबर्गला जॉन्सनकडं. वय एकोणीस आणि शेजारी लहान पोरं. तिनं लाज धरली नाही, १९४९ ला शाळा पुरी केली. आणि शहरातल्या बसमध्ये मागंच बसायचं. परसात राणी, बसमध्ये मागचं बाकडं. तुमची गुणवत्ता त्या बसमध्ये कुठं बसली होती, साहेब?

राष्ट्रीय स्पर्धेत काळ्यांनी येऊ नये असा कागदावर नियम नव्हता. गंमत तीच. तिथं जायचं तर आधी हिरवळीच्या स्पर्धा खेळून नाव करायचं, त्या स्पर्धा खाजगी क्लबात, आणि क्लबाचं आमंत्रण गोऱ्यालाच. दार उघडंच, फक्त दारापर्यंतचा रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा! जुलै १९५० मध्ये ॲलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीनं टेनिसच्या मासिकात जाहीर लिहून या ढोंगाचं वस्त्र फेडलं. ऑगस्टात आल्थिया फॉरेस्ट हिल्सच्या कोर्टावर उतरली. दुसऱ्याच फेरीत विम्बल्डन विजेती लुईझ ब्रॉ समोर. तिसऱ्या सेटमध्ये आल्थिया ७-६ पुढं, आणि वादळ आलं, खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ब्रॉनं ९-७ नं सेट काढला.

ऑगस्ट १९५५. मिसिसिपीत एमेट टिल हा चौदा वर्षांचा काळा पोरगा गोऱ्यांनी हाल करून मारला. सप्टेंबरात गोऱ्या ज्यूरीनं आरोपी सोडून दिले. आणि वर्ष सरता सरता अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं आल्थियाला आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं: ब्रह्मदेश, सिलोन, पाकिस्तान, आपल्या हिंदुस्थानातसुद्धा. बघा, आमच्याकडं काळ्यांचं किती भलं चाललंय! इथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या तिला होत्या, हे मला मान्य. पण तिकीट कुणी काढलं होतं तेही बघा.

१९५६ ला फ्रेंच. १९५७ ला विम्बल्डन, राणीच्या हातून बक्षीस, न्यूयॉर्कात मिरवणूक. १९५८ ला पुन्हा विम्बल्डन. बक्षिसाची रक्कम? शून्य. ती हौशी खेळाडू ना! हौशीनं पैसा घ्यायचा नाही, त्यानं खेळ विटाळतो. हा सोवळेपणा आला कुठून? इंग्लंडात हेन्लेच्या नावांच्या शर्यतीचा १८७९ चा नियम असा: जो मजुरीवर मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर म्हणून राबला तो हौशी नव्हे. १९३७ पर्यंत हा नियम चालला. मी गोदीत पोती उचलतो, माझा खांदा बारा महिने तालमीत असतो, म्हणूनच मला वल्हं मारायची मनाई. टेनिसात मजुराचं नाव लिहायची गरजच नव्हती. रिकाम्या पोटाचा खेळाडू आपोआप गळतो.

तिनं झेंडा घेतला नाही, वंशाच्या नावानं भाषणं केली नाहीत, म्हणून काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी तिला टोचलं. आपले काही दोस्तही असंच म्हणतील. मला ते पटत नाही. भिंतीसमोर चेंडू मारणाऱ्या पोरीकडं कॉम्रेड भाषण कसलं मागता? तिला कोर्ट द्या आधी.

पोटासाठी ती पुढं बास्केटबॉलच्या सामन्याआधी लोकांचं मन रमवायला टेनिस खेळली. गोल्फ खेळली. १९९० नंतरच्या वर्षांत न्यू जर्सीत आजारी, भाड्याला आणि औषधाला पैसे नाहीत. १९५६ च्या विम्बल्डनला दुहेरीत तिच्या जोडीनं जिंकलेली अँजेला बक्स्टन, इंग्लंडची ज्यू बाई, तिनं पैसे गोळा केले म्हणून भागलं. म्हातारपणी पुन्हा वर्गणीच. २००३ ला आल्थिया गेली. न्यूयॉर्कच्या मोठ्या टेनिस स्टेडियमबाहेर तिचा पुतळा बसला २०१९ ला. अनावरणाला बक्स्टन आली होती.